सिमर पॉटमधला संत्र्याचा वास अर्ध्या तासात का उडतो, आणि तो तीन तास कसा टिकवायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की गारवा सुरू झाला म्हणून संध्याकाळी पातेल्यात पाणी, दोन संत्र्यांच्या चकत्या, दालचिनी, मूठभर लवंगा असं सगळं घालून सिमर पॉट (म्हणजे घर दरवळावं म्हणून मंद आचेवर ठेवायचं सुगंधी पाण्याचं भांडं) गॅसवर ठेवला, पहिली पंधरा-वीस मिनिटं घर मस्त दरवळलं, मग संत्रं कुठे गायबच झालं, तासाभरानं नुसता काढ्यासारखा वास यायला लागला आणि शेवटी बुडाला लागलं ते वेगळंच. प्रमाण चुकलं का मसाले शिळे होते असं तुम्ही विचारलंय. मसाले शिळे असते तर तासाभरानं एवढा काढ्यासारखा वास आला नसता. लवंगा जास्त झाल्यात, त्याबद्दल पुढे सांगते. पण मुख्य गडबड ही की तुम्ही सगळं एकाच वेळी घातलंत.

मी गेली बारा वर्षं एका छोट्या गेस्टहाऊसचं किचन बघतेय आणि पानगळ सुरू झाली की तिथून पुढे थंडी संपेपर्यंत आमच्याकडे रोज संध्याकाळी असं एक भांडं चालू असतं, त्यामुळे तुमचं जे झालं ते माझं पहिल्या वर्षी रोज व्हायचं. तेव्हा मी वास कमी झाला की अजून लवंगा, अजून दालचिनी घालत जायचे आणि वास अजूनच औषधी व्हायचा. कारण कमी पडत असायचं संत्रं आणि मी वाढवत असायचे मसाला.

असं का होतं ते आधी सांगते, कारण एकदा हे कळलं की रेसिपी बघायची गरजच उरत नाही. संत्र्याचा जो वास आपल्याला आवडतो तो रसात फार नसतो, तो सालाच्या वरच्या केशरी थरात असतो. साल उजेडात धरून नीट बघा, बारीक बारीक ठिपके दिसतील, त्या तेलाच्या पिशव्या आहेत. साल बोटांत धरून उलटं दुमडलं की त्यातून धुक्यासारखा फवारा उडतो आणि हाताला दिवसभर वास राहतो. हाच फवारा मेणबत्तीच्या ज्योतीवर उडाला तर चर्र करून ठिणग्या पडतात, म्हणजे ते खरोखरचं तेल आहे आणि पेट घेणारं आहे (म्हणून सालं दुमडायचं काम गॅसपासून लांब करा). या तेलात नव्वद टक्क्यांहून जास्त लिमोनीन नावाचा एकच पदार्थ असतो, आणि तो उडायला एकदम हलका. त्याचा उत्कलन बिंदू 176 अंशांच्या आसपास आहे, दालचिनीतल्या सिनॅमाल्डिहाइडचा 248 आणि लवंगेतल्या युजेनॉलचा 254 च्या जवळपास. आता तुम्ही म्हणाल पाणी तर 100 च्या वर जातच नाही, मग हे उडतात कसे, तर वाफेबरोबर ही तेलं त्यांच्या उत्कलन बिंदूच्या बरीच खाली असतानाच निघून जातात, अत्तराच्या भट्टीत हेच तर करतात. फक्त हलकं आधी आणि भराभर जातं, जड मागून आणि सावकाश. म्हणून पहिल्या अर्ध्या तासात संत्रं संपतं आणि लवंग मात्र चार तासांनीसुद्धा तिथेच असते.

तेव्हा करायचं काय, तर मसाले आधी घालायचे, आणि साल नंतर, आणि तेही हप्त्याहप्त्यानं. बास, एवढा एक बदल केलात तरी तुमचं ऐंशी टक्के काम झालं.

माझी रोजची पद्धत सांगते, एक लिटर पाण्याच्या हिशोबानं. दालचिनीच्या बोटभर लांबीच्या दोन काड्या, लवंगा फक्त 6 (आठाच्या वर कधीच नाही), चक्रीफूल 2, वेलची 4 ठेचून, आल्याच्या पातळ चकत्या चार-पाच, आणि जायफळ असेल तर पाव तुकडा. हे सगळं थंड पाण्यात घालून उकळी आणायची, उकळी आली की आच एकदम कमी करून वीस मिनिटं तसंच ठेवायचं. या वीस मिनिटांत वास फारसा येणार नाही, येऊ दे नको दे, मसाला भिजून उघडतोय तेवढं पुरे. मग एका संत्र्याच्या सालाचा अर्धा भाग, हातानं दुमडून, पिळून, आत टाकायचा. लगेच फरक कळतो. उरलेला अर्धा भाग चाळीस मिनिटांनी, आणि नंतर दर पाऊण तासाला अजून थोडं. माझ्याकडे टायमर लावलेला असतो कारण मी कामात विसरते, आणि टायमर वाजला की साल आणि पाणी दोन्ही एकदमच बघते.

तुम्ही चकत्या घातल्या होत्या म्हणालात. फोटोत त्या छान दिसतात हे मान्य आहे, आणि पाहुणे येणार असतील तर वरून तरंगायला मी पण दोन ठेवते, पण वासाच्या दृष्टीनं गराचा उपयोग कमी आणि त्रास जास्त. गरात साखर आणि आंबटपणा असतो, तो तासभर शिजला की संत्र्याचा ताजेपणा जाऊन शिजवलेल्या जॅमसारखा, थोडा शिळ्या ज्यूससारखा वास येतो, आणि पाणी आटलं की तीच साखर बुडाला जाऊन चिकटते. तुमचं जे करपलं ना ते बहुतेक तेच होतं. संत्रं खाऊन टाका, सालं भांड्यात घाला. सालाच्या आतला पांढरा भाग काढत बसू नका, तो कडू असतो पण आपल्याला प्यायचं नाहीये, वासात तो काही आणत नाही आणि काही बिघडवतही नाही.

वाळवलेल्या चकत्या बरेच जण वापरतात, ओव्हनमध्ये 100 अंशांच्या खाली तीन-चार तास वाळवून. दिसायला सुंदर, महिनोन्महिने टिकतात, पण वाळवताना जे उडून गेलं ते लिमोनीनच होतं की, ते परत कुठून येणार? त्यामुळे वाळलेली चकती घातली तरी जोडीला ताजं साल हवंच. त्यापेक्षा फ्रीझर वापरा. वर्षभर जी काही संत्री, लिंबं, मोसंबी खाल्ली जातात त्यांची सालं धुऊन, पुसून, पिशवीतली हवा काढून फ्रीझरमध्ये टाकत जायची, गोठवलेल्या सालातलं तेल बऱ्यापैकी तसंच राहतं आणि ती न वितळवता सरळ भांड्यात टाकता येतात. माझी अशी एक पिशवी कायम भरलेली असते. साल फ्रीझरमध्ये टाकायच्या आधी कोमट पाण्यात ब्रशनं घासून घ्या मात्र, दुकानातल्या फळांवर बऱ्याचदा मेणाचा थर दिलेला असतो आणि तो पाण्यावर तवंगासारखा येतो.

कुठलं फळ, तर संत्रं हा पाया. एकट्या लिंबाचं केलं तर वास स्वच्छतेच्या लिक्विडकडे झुकतो, म्हणजे उन्हाळ्यात ठीक, पण शरदातल्या संध्याकाळी ती ऊब येत नाही. लिंबाच्या सालाची एक पट्टी संत्र्याबरोबर घातली तर मात्र संत्रं उठून दिसतं, कसं ते मला शब्दात नीट सांगता येणार नाही पण एकदा घालून आणि एकदा न घालता करून बघा. ग्रेपफ्रूटला थोडी कडवट धार असते, ती मला स्वतःला फार आवडते, विशेषतः आलं आणि काळ्या मिरीबरोबर. मोसंबीचं साल सौम्य, दालचिनीपुढे टिकत नाही, त्यामुळे मसाला अर्धा करावा लागतो.

आता दालचिनी. बाजारात दोन प्रकारच्या काड्या मिळतात. एक जाड, कडक, एकाच थराची गुंडाळी, हातानं सहज मोडत नाही, ती कॅसिया. दुसरी पातळ पापुद्र्यांची, सिगारसारखी आत खूप थर, बोटांनी चुरा होतो, ती सिलोन दालचिनी. खायला सिलोन चांगली, नाजूक, महाग. सिमर पॉटला कॅसियाच घ्या, तिचा वास तिखट आणि ठसठशीत असतो आणि काडी तीन-तीन दिवस दम धरते. सिलोन पहिल्याच दिवशी मऊ होऊन पापुद्रे सुटतात आणि सगळं पाणी गढूळ.

मसाले अख्खेच वापरा, पावडर नको. पावडरीचा वास दहा मिनिटं जोरात येतो आणि मग ती एक तर वर फेस धरते नाही तर बुडाशी गाळ होऊन बसते आणि करपते, धुताना वैताग येतो. अख्खा मसाला फक्त जरा जागा करायचा, म्हणजे वेलची ठेचायची, जायफळ फोडायचं, दालचिनी मधून मोडायची. लवंग आणि चक्रीफूल तसेच. वेळ असेल तर कोरड्याच पातेल्यात मंद आचेवर मिनिटभर मसाला गरम करून मग त्यावर पाणी ओता, वास यायला लागला की लगेच पाणी, त्यापुढे नको.

लवंगेबद्दल थोडं जास्त बोलते कारण नव्वद टक्के भांडी तिच्यामुळे बिघडलेली मी पाहिलीत. तुमच्या मूठभर लवंगांनी तेच केलं. लवंग एकटीच बोलते, दुसऱ्याला बोलू देत नाही. त्यातलं युजेनॉल म्हणजे दाताच्या डॉक्टरकडे गेल्यावर जो वास येतो ना, तो. संत्रं आहे तोवर लवंग गोड वाटते, संत्रं उडालं की तीच दवाखान्यासारखी वाटायला लागते, वास बदललेला नसतो, सोबत बदललेली असते. म्हणून 6, आणि पहिल्या तासानंतर वास उग्र वाटला तर चमच्यानं दोन-तीन काढून टाका, सरळ. काही जण लवंगा संत्र्यात टोचून ठेवतात, त्याचा हाही फायदा की एका झटक्यात सगळ्या बाहेर काढता येतात.

सफरचंद घालावं का, असं बरेच जण विचारतात. फोडी नका घालू, साखरेचा तोच त्रास. सालं आणि मधला गाभा घाला हवं तर, हलका गोडसर वास येतो पण त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. व्हॅनिला इसेन्स अगदी शेवटी, पाहुणे दारात आल्यावर, पाव चमचा, आधी घातला तर तो त्यांच्या आधी निघून जातो. रोझमेरी किंवा तमालपत्र घालायचं असेल तर एकच, दोन्ही नको, आणि छोटी काडी किंवा एकच पान, नाही तर जंगल होतं नुसतं. इसेन्शियल ऑइलचे थेंब टाकू नका. ते पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतं आणि पाच मिनिटांत सगळं एकदम हवेत जातं, डोकं धरतं, आणि मग भांडं रिकामं ते रिकामंच.

आच किती? तर खदखदा उकळणं नको. बुडातून एखाद-दुसरा बुडबुडा यावा, पृष्ठभाग थरथरावा आणि वाफेची बारीक रेघ दिसावी, एवढंच. मोठ्या आचेवर वास लवकर पसरतो खरा, पण सगळं अर्ध्या तासात संपून जातं. गॅसची सगळ्यात छोटी शेगडी, तरी जास्त वाटली तर खाली जाड तवा ठेवा. इंडक्शनवर सगळ्यात कमी सेटिंगला ते चालू-बंद होत राहतं, पातेलं जाड बुडाचं असेल तर चालतं. स्लो कुकर असेल तर सोन्याहून पिवळं, झाकण काढून ठेवायचा, फक्त पाणी आधी उकळून ओतायचं कारण थंड पाण्यापासून सुरुवात केली तर त्याला गरम व्हायलाच दोन तास जातात.

पातेलं स्टीलचं किंवा एनॅमलचं, जाड बुडाचं. ॲल्युमिनियम नको, आंबट पाण्याशी त्याची क्रिया होते. नॉनस्टिकही नको, आणि हे मी जरा ठासून सांगते, कारण पाणी आटून ते कोरडं तापलं तर कोटिंगमधून जो धूर निघतो तो माणसालाही चांगला नाही आणि घरात पाळलेला पक्षी असेल तर त्याच्या जिवावर बेततो.

पाणी आटण्याचा विषय निघालाच आहे तर, माझ्या वीस सेंटीमीटर रुंद पातेल्यात मंद आचेवर तासाला पाव लिटरच्या आसपास पाणी जातं. म्हणजे एक लिटरचे चार तास, असं कागदावर. प्रत्यक्षात अर्धं उरलं की मसाले उघडे पडायला लागतात, त्यामुळे दर पाऊण तासाला एक कप पाणी घालायचंच, आणि ते गरम घालायचं, थंड पाणी ओतलं की वाफ मरते आणि पुढची पंधरा मिनिटं वास येतच नाही. दुसऱ्या वर्षी मी एकदा भांडं चालू ठेवून वरच्या मजल्यावर खोल्या बघायला गेले आणि बोलत बसले. खाली आले तेव्हा पातेल्याच्या बुडाशी काळा थर आणि सगळीकडे निळसर धूर. जळलेल्या लवंगेचा तो वास पडद्यांतून जायला आठ दिवस लागले, पडदे दोनदा धुतले तरी. आग लागली नाही हे नशीब. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे की त्या मजल्यावर माणूस नसेल तर भांडं बंद, पाच मिनिटांसाठी जायचं असलं तरी बंद, आणि झोपायच्या आधी तर बंदच.

अजून एक गोष्ट कुणी सांगत नाही ती वाफेची. दहा बाय बाराची खोली, छत नऊ फूट, 20 अंश तापमान, अशा खोलीतली हवा अगदी कोरडी ठणठणीत असली तरी जास्तीत जास्त अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी वाफेच्या रूपात धरू शकते. आणि हवा कधी कोरडी ठणठणीत नसतेच, निम्मी तर आधीच भरलेली असते. म्हणजे पाव लिटर आटलं की बंद खोली भरली, त्याच्या पुढचं पाणी काचांवर आणि गार भिंतींवर बसतं आणि रोज असं झालं की कोपऱ्यात बुरशी येते. ज्या घरात हीटरनं हवा सुकलेली असते तिथे थोडी वाफ बरी वाटते, पण काचेवर थेंब दिसले की खिडकी फटभर उघडायची, हे पक्कं. एरवीही एखादी खिडकी जराशी उघडी असलेली बरी, कारण लिमोनीनची हवेतल्या ओझोनशी क्रिया होऊन थोडं फॉर्मल्डिहाइडसुद्धा तयार होतं, कोंडलेल्या जागेत ते साठू द्यायचं नाही. घरात कुणाला दमा असेल तर आधी अर्धा तासच लावून बघा आणि त्यांना विचारा.

मांजर असेल तर मी सावधच राहायला सांगेन. या तेलांचा निचरा करणारं एन्झाइम मांजराच्या लिव्हरमध्ये फार कमी काम करतं, त्यामुळे आपल्याला जे सुगंधी वाटतं ते त्यांना बाधू शकतं. भांडं त्यांच्या पोचेबाहेर, त्यांना दुसऱ्या खोलीत जायला दार उघडं, आणि भांड्यातलं पाणी त्यांना कधीच चाटू द्यायचं नाही. माणसांनी पण ते प्यायचं नाही, कितीही चहासारखं दिसलं तरी. तासन्‌तास उकळलेला तो अर्क आहे आणि सालं काही आपण खाण्याच्या हिशोबानं धुतलेली नसतात.

वास कमी झाला असं वाटलं की लगेच काही घालू नका, आधी दहा मिनिटं बाहेर जाऊन या. नाक एकाच वासाला फार लवकर सरावतं आणि मग ते सांगणंच बंद करतं. मी बाहेरच्या पायरीवर जाऊन उभी राहते, परत आत येताना जो पहिला श्वास घेते त्यावरून ठरवते. कित्येकदा असं होतं की मला आत काहीच येत नव्हतं आणि नुकताच आलेला पाहुणा दारातच थांबून विचारतो की हे कशाचं शिजतंय.

तळणाचा, माशाचा वास घालवायला हे भांडं लावणार असाल तर आधी खिडक्या उघडा, ओटा पुसा, कचरा बाहेर काढा, मग लावा. सिमर पॉट वास काढत नाही, वर एक वास घालतो फक्त, आणि मासे अधिक दालचिनी हे मिश्रण नुसत्या माशांपेक्षा वाईट लागतं. आणि भांडं चालू असताना चिमणी किंवा एक्झॉस्ट बंद ठेवा, नाही तर तुमचं सगळं संत्रं बाहेरच्या रस्त्याला मिळतं.

दुसऱ्या दिवशी वापरायचं असेल तर गार झालं की जुनी सालं काढून फेकायची, मसाला आणि पाणी झाकून फ्रीजमध्ये. दोन, फार तर तीन दिवस. दुसऱ्या दिवशी मसाल्याचा पाया तयार असतोच, त्यामुळे वीस मिनिटं थांबायची पण गरज नाही, गरम झालं की सरळ ताजं साल टाकायचं, आणि खरं सांगू का, मला स्वतःला दुसऱ्या दिवशीचं भांडं जास्त आवडतं, लवंग तोपर्यंत जरा निवलेली असते. पाणी बुळबुळीत वाटलं किंवा वर पांढरं काही दिसलं तर मात्र विचार न करता ओतून द्या.

शेवटी पातेल्याला आतून जी तेलकट, चिकट तपकिरी रेघ बसते ती नुसत्या साबणानं निघत नाही. त्यावर सुक्या कापडानं थोडं खाद्यतेल चोळा, दोन मिनिटांनी पुसा आणि मग साबण लावा, लगेच सुटते.